छायाकल्प चंद्रग्रहणासाठी स्टेलेरियम: नागपूरच्या गच्चीवरून उपयोग किती?

ग्रहणाची बातमी आली की नागपुरात दोन प्रश्न हमखास निघतात. आपल्याकडे दिसणार का, आणि किती वाजता? खग्रास किंवा खंडग्रास चंद्रग्रहण असेल तर याची उत्तरं पेपरात मिळतात आणि तेवढी पुरतात, कारण चंद्राचा कापलेला तुकडा कोणालाही दिसतो. छायाकल्पाचं, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या गडद सावलीला न शिवता तिच्याभोवतीच्या फिकट सावलीतून जातो त्या ग्रहणाचं, तसं नाही. वेळ अचूक माहीत असूनही लोक गच्चीवर जातात, पूर्ण गोल चंद्र बघतात आणि ‘काहीच झालं नाही’ म्हणत खाली येतात. चंद्राची कोणती कड बघायची, किती ते किती वाजता बघायची आणि ती कितपत मळकट होणार, एवढं आधी कळलं तरच यात काही हाती लागतं. त्यासाठी स्टेलेरियम हे कोणत्याही ठिकाणचं, कोणत्याही वेळेचं आकाश पडद्यावर दाखवणारं, फुकट मिळणारं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर किती कामाचं आहे, ते इथे तपासलं आहे. आमचं मत आधीच सांगतो. ग्रहणाची भूमिती आणि वेळा समजून घ्यायला हे उत्तम साधन आहे. पण ग्रहण डोळ्यांना दिसेल की नाही, हे त्याच्या पडद्यावरच्या चित्रावरून ठरवू नये.

हा आढावा लॅपटॉप-संगणकावरच्या आवृत्तीचा आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर ती चालते. त्याच नावाचं मोबाइल ॲप वेगळी मंडळी बनवतात आणि त्याची मांडणीही वेगळी आहे, त्यामुळे खाली दिलेल्या कळा तिथे चालणार नाहीत. ब्राउझरमध्ये चालणारं वेब रूप चंद्र आत्ता कुठे आहे हे बघायला छान आहे, पण ग्रहणाच्या तयारीला कमी पडतं. जुन्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर उघडताच पडदा काळा राहिला तर बहुतेक वेळा दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. तो अद्ययावत करा आणि मगच दुसरं काही शोधा.

बसवल्यावर पहिलं काम ठिकाण पक्कं करणं. एफ६ दाबा. इंटरनेटवरून आपोआप ठिकाण घेण्याची सोय सुरू असते, ती बंद करा. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर दुसऱ्या शहरात असला की सॉफ्टवेअर तुम्हाला त्या शहरात नेऊन बसवतं आणि चंद्रोदय-चंद्रास्ताच्या वेळा सरकतात. यादीतून नागपूर निवडा. अक्षांश २१ अंश ९ मिनिटे उत्तर, रेखांश ७९ अंश ५ मिनिटे पूर्व आणि उंची ३१० मीटरच्या आसपास दिसली पाहिजे. टाइम झोन आशिया-कोलकाता आहे ना तेही बघा, आणि हेच ठिकाण कायमचं ठरवायच्या चौकटीत टिक करा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, नागपूर त्याच्या पश्चिमेला साडेतीन अंशांहून थोडं कमी, म्हणजे आपला स्थानिक मध्यान्ह घड्याळाच्या साधारण १४ मिनिटं मागे. ग्रहणाच्या स्पर्श-मोक्षाच्या वेळा यामुळे बदलत नाहीत, त्या साऱ्या देशाला एकच असतात. बदलतात त्या चंद्र उगवण्या-मावळण्याच्या वेळा, आणि पहाटेच्या ग्रहणात नेमका तिथेच फरक पडतो.

दुसरी अडचण जमिनीची. सॉफ्टवेअर सुरुवातीला झाडांची रांग असलेलं एक परदेशी शेत क्षितिजावर दाखवतं. कमी उंचीवरचा चंद्र त्या झाडांमागे लपतो आणि ग्रहण ‘दिसत नाही’ असा गैरसमज होतो. जी दाबली की जमीन जाते. सपाट क्षितिज हवं असेल तर एफ४ मधल्या लँडस्केप यादीतून झीरो होरायझन घ्या. तिथून पुढे तुमच्या पश्चिमेला शेजारच्या अपार्टमेंटची किती अंश उंची आड येते, ते तुम्हालाच मोजावं लागेल. हात सरळ लांब धरून मूठ आडवी केली की ती साधारण १० अंश झाकते.

आता या सॉफ्टवेअरचं आम्हाला सर्वांत आवडलेलं अंग. एफ४ मध्ये मार्किंग्ज नावाचं पान आहे. तिथे पृथ्वीच्या प्रच्छायेचं आणि उपच्छायेचं वर्तुळ दाखवायची सोय आहे, दोन्हींवर टिक करा. मग एफ५ उघडून तारीख ५ मे २०२३ आणि वेळ रात्री ८ वाजून ४० मिनिटं भरा, एफ३ ने चंद्र शोधा, स्पेस दाबून त्याला मधोमध आणा आणि पेज-अपने थोडं जवळ जा. चंद्राच्या बाजूला एकात एक दोन वर्तुळं दिसतील. आतलं प्रच्छायेचं, तिथे पृथ्वी सूर्याला पूर्ण झाकते. बाहेरचं उपच्छायेचं, तिथे सूर्याचा काही भागच झाकला जातो. आता एल तीनदा दाबा, वेळ हजारपट वेगाने धावू लागेल. ८ वाजून ४४ मिनिटांनी चंद्र बाहेरच्या वर्तुळाला शिवतो, १० वाजून ५३ मिनिटांनी सर्वांत आत पोचतो आणि १ वाजून २ मिनिटांच्या सुमारास बाहेर पडतो. ४ तास १८ मिनिटांचं ग्रहण पंधरा-सोळा सेकंदांत होतं. पुन्हा सावकाश बघायचं असेल तर के दाबून वेग नेहमीचा करा आणि जे ने वेळ मागे न्या.

ते चालू असताना दोन वर्तुळांमधल्या पट्ट्याच्या रुंदीकडे लक्ष द्या. छायाकल्प ग्रहणाचं सगळं मर्म त्या पट्ट्यात आहे. त्याची रुंदी सूर्यबिंबाच्या कोनीय व्यासाएवढी, म्हणजे सुमारे ३२ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असते. चंद्राचं बिंब अंतरानुसार २९ ते ३३ कलांच्या दरम्यान बदलतं. म्हणजे पट्टा आणि चंद्र जवळजवळ सारख्याच मापाचे. म्हणूनच पूर्ण चंद्र पट्ट्यात मावला आणि प्रच्छायेला मात्र शिवला नाही, असं क्वचितच घडतं. १४-१५ मार्च २००६ चं ग्रहण त्या दुर्मीळ प्रकारातलं होतं, आणि पुढचं तसं ग्रहण २०५३ च्या ऑगस्टमध्ये आहे. एरवी चंद्राचा थोडा भाग एक तर उपच्छायेच्या बाहेर राहतो किंवा प्रच्छायेत शिरतो. शिरला की ते खंडग्रास. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. या दोन कक्षा जिथे छेदतात त्या राहू किंवा केतू या पातबिंदूच्या अगदी जवळ पौर्णिमा झाली तर चंद्र सावलीच्या मध्यातून जातो, जरा लांब झाली तर कडेकडेने. ही कडेची जात अजिबात विरळ नाही. इसवी सनपूर्व २००० ते इसवी सन ३००० या पाच हजार वर्षांच्या गणनेत १२,०६४ चंद्रग्रहणं येतात, आणि त्यांतली ४,३७८ छायाकल्प आहेत. खंडग्रास ४,२०७, खग्रास ३,४७९. सर्वाधिक घडणारा प्रकारच सर्वांत कमी पाहिला जातो.

उपच्छाया म्हणजे नेमकं काय, हे सॉफ्टवेअरमध्ये आणखी एका मार्गाने कळतं. शाळेतल्या मुलांना दाखवायला याहून चांगलं प्रात्यक्षिक आमच्या माहितीत नाही. एफ६ मध्ये ग्रह म्हणून पृथ्वीऐवजी चंद्र निवडा. अक्षांश ८० उत्तर आणि रेखांश शून्य ठेवा, म्हणजे पृथ्वीकडे तोंड केलेल्या बाजूची उत्तरेची कड. इथे टाइम झोन आपोआप बदलू शकतो, तो पुन्हा भारतीय करा, नाहीतर साडेपाच तासांचा घोळ होऊन पडद्यावर ग्रहणच सापडत नाही. जमीन आणि वातावरण बंद, म्हणजे जी आणि ए. वेळ ५ मे २०२३, रात्री १० वाजून ५३ मिनिटं. आता एफ३ ने सूर्य शोधा. सूर्याहून साडेतीनपटीपेक्षा मोठी काळी पृथ्वी त्याला जवळजवळ गिळून बसलेली दिसेल, एक बारीक कोर तेवढी उरलेली. तीच वेळ ठेवून अक्षांश ८० दक्षिण करा. सूर्य जवळपास अख्खा मोकळा. उत्तर टोकावर नखाएवढं ऊन आणि दक्षिण टोकावर भर ऊन, आणि या दोन टोकांच्या मधली प्रत्येक जागा या दोन्हींच्या मधली. पृथ्वीवरून आपण बघतो ती मळकट छटा म्हणजे हा चढ-उतार. त्याला कुठेही रेघ नाही.

रेघ नसणं हीच निरीक्षणातली खरी अडचण. ट्यूबलाइटखाली हात धरला तर सावलीची कड कुठे सुरू होते हे बोटाने दाखवता येत नाही, तसंच इथे होतं. डोळा उजेडाच्या प्रमाणातला फरक ओळखतो आणि कडा लगेच पकडतो, पण सावकाश बदलत जाणारा उजेड तो सोडून देतो. सूर्य अर्धा झाकला गेला तरी तिथली जमीन निम्मी उजळ असते, आणि भगभगीत पौर्णिमेच्या चंद्रावर निम्मा उजेड सहज ध्यानात येत नाही. छटा जाणवायला लागते ती चंद्राचा व्यास दोन-तृतीयांशाच्या आसपास उपच्छायेत गेल्यावर, आणि तीही फक्त प्रच्छायेकडच्या कडेला.

म्हणून यादीतले आकडे वाचता आले पाहिजेत. एफ१० उघडा, ग्रहणांच्या पानावर जा, किती वर्षांची यादी हवी ते भरा आणि चंद्रग्रहणं काढा. प्रत्येक ओळीत उपच्छायेचं ग्रासमान आणि प्रच्छायेचं ग्रासमान असे दोन आकडे असतात. ५ मे २०२३ ला ते ०.९६४ आणि उणे ०.०४६ होते. पहिल्याचा अर्थ, चंद्राच्या व्यासाचा ९६ टक्के भाग उपच्छायेत. दुसऱ्यातल्या उणे चिन्हाचा अर्थ, चंद्राची कड प्रच्छायेपासून व्यासाच्या साडेचार टक्क्यांवर थांबली. उणे चिन्ह सोडून दोन्हींची बेरीज करा, १.०१ येते. ती वर सांगितलेल्या पट्ट्याची रुंदी आहे, चंद्राच्या मापात. कोणत्याही छायाकल्प ग्रहणाला ही बेरीज एकच्या आसपासच येते. आली नाही तर आकडा चुकीच्या रकान्यातून उचलला आहे.

पहिल्या आकड्यावरून जायचं की नाही ते ठरवा. ०.९ च्या वर असेल तर नक्की बघा. ०.७ ते ०.९ मध्ये सवयीच्या डोळ्याला दिसतं. ०.६ च्या खाली असेल तर झोप मोडू नका. ५-६ जून २०२० च्या रात्रीचं ग्रहण भारतभर क्षितिजाच्या वर होतं, पण ग्रासमान ०.५६८. नुसत्या डोळ्यांनी त्यात काही गवसण्यासारखं नव्हतं.

या यादीत एक फसगत होते. ती साऱ्या पृथ्वीची यादी आहे. २५ मार्च २०२४ ला, धुळवडीच्या दिवशी, ०.९५६ ग्रासमानाचं छायाकल्प ग्रहण होतं, पण त्याचा मध्य आपल्या दुपारी १२ वाजून ४३ मिनिटांचा. चंद्र पायाखाली होता. ओळीवर दोनदा क्लिक करा, सॉफ्टवेअर त्या क्षणी जाईल. चंद्र निवडून डाव्या कोपऱ्यातली माहिती वाचा. उंचीच्या आकड्यापुढे उणे चिन्ह असलं की विषय संपला.

नागपूरकरांनी वहीत लिहून ठेवावं असं ग्रहण २१ फेब्रुवारी २०२७ च्या पहाटेचं आहे. माघी पौर्णिमेची रात्र, ग्रासमान ०.९२७. स्पर्श २ वाजून ४२ मिनिटांनी, मध्य ४ वाजून ४३ मिनिटांनी, मोक्ष ६ वाजून ४३ मिनिटांच्या सुमारास. हे स्टेलेरियमवर चालवून बघितलं की पेपरातल्या तीन वेळांपेक्षा बरंच जास्त कळतं. स्पर्शाच्या वेळी चंद्र पश्चिमेकडे ५५ अंशांच्या आसपास उंच असेल, मध्याला २७-२८ अंशांवर, आणि मोक्षाला क्षितिजावर, कारण तेव्हाच सूर्य उगवत असेल. म्हणजे ग्रहणाचा उत्तरार्ध उजाडण्यात जाणार. कामाची वेळ साधारण ४ ते ५.३० एवढीच. अंबाझरीला किंवा शहराबाहेर जायची गरज नाही, पश्चिमेकडे दीड मूठ उंचीच्या वर मोकळं आकाश असलेली गच्ची पुरे. शहराच्या दिव्यांनीही काही बिघडत नाही. चंद्र त्यांच्यापेक्षा फार तेजस्वी आहे. ओळख पटवायला चंद्राला लागूनच मघा तारका असेल आणि त्याच्या खाली पश्चिमेला ठळक गुरू.

चंद्र सावलीच्या दक्षिणेकडून जाणार, म्हणून काळवंडणार ती उत्तरेची कड. पण पहाटे पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिल्यावर ‘उत्तर’ वर नसते. चंद्र कलंडलेला असतो आणि ती कड उजवीकडे वरच्या अंगाला येते. पडद्यावर हे बरोबर दिसायला दृश्य क्षितिजाला धरून असलं पाहिजे. कंट्रोल आणि एम चुकून दाबलं गेलं तर दृश्य खगोलीय उत्तर वर धरून फिरतं, आणि मग छापून नेलेलं चित्र आकाशाशी जुळत नाही. असं झालं तर तीच कळ पुन्हा दाबा.

आता दोषाकडे. स्टेलेरियम उपच्छायेतल्या चंद्रावर छटा रंगवतं, पण ती तुमच्या पडद्यावरून दिसते. पडद्याचा सर्वांत झगझगीत पांढरा आणि खऱ्या चंद्राचा झगझगाट यांची तुलनाच होत नाही. ब्राइटनेस कमी केलेल्या लॅपटॉपवर ती छटा सहज नजरेत भरते आणि माणूस आकाशातही तेच शोधतो. उलट, सकाळच्या उजेडात पडदा बघितला तर ०.९ चं ग्रहणही सपाट वाटतं. वर्तुळांवर आणि वेळांवर विश्वास ठेवा, रंगावर ठेवू नका. धूळ आणि धुक्याचाही हिशोब तुम्हालाच करायचा आहे. ५५ अंशांवरून २८ अंशांवर उतरताना चंद्राचा प्रकाश हवेच्या जवळजवळ पावणेदोनपट जाड थरातून येतो, तेवढ्यानेच तो पाव प्रतीच्या (प्रत म्हणजे खगोलातलं तेजस्वितेचं माप) आसपास मंदावतो आणि पिवळसर होतो. ग्रहणामुळे चंद्र मळला असं वाटायला हे पुरेसं आहे. म्हणून चार वाजताचा चंद्र दोन वाजताच्या आठवणीशी ताडून बघू नका. एकाच क्षणी वरची उजवी कड आणि तिच्या समोरची खालची डावी कड यांची तुलना करा. हवा दोन्हींना सारखीच असते, फरक उरला तर तो सावलीचा.

तो फरक वाढवायचा सोपा उपाय म्हणजे चंद्राचा उजेड कमी करणं. गडद गॉगल चालतो. दुर्बीण ७ किंवा ८ पटीची बरी. जास्त पटीची दुर्बीण छटा पसरवून टाकते, आणि पसरलेली छटा आणखी कमी कळते. सर्वांत खात्रीचा पुरावा कॅमेरा देतो, पण ऑटोवर नाही, कारण ऑटो एक्स्पोजर चंद्र मंदावला की लगेच त्याला उजळून मोकळा होतो. आयएसओ १००, छिद्र एफ/८, वेळ १/२५० सेकंद, व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडाचा, आणि ट्रायपॉड. एक फोटो स्पर्शाआधी, एक मध्याला, दोन्हींना तीच मांडणी. पांढरे भाग जळून सपाट झाले असतील तर वेळ आणखी कमी करा, कारण जळलेल्या भागात छटा उरतच नाही. फोनवर प्रो मोडमध्ये चंद्रावरचे काळे डाग स्पष्ट दिसेपर्यंत वेळ घटवत जा आणि तिथेच कुलूप लावा.

बारकाव्यात रस असणाऱ्यांसाठी एक खूण. पृथ्वीचं वातावरण सावली किंचित फुगवतं. किती, याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत, शोव्हने यांची जुनी आणि दाँजाँ यांची. दोन्हींनी काढलेल्या उपच्छायेच्या ग्रासमानात सुमारे ०.०२६ चा फरक पडतो. एफ४ मधल्या सूर्यमालेच्या पानावर दाँजाँ पद्धत वापरायची चौकट आहे. तुमचा आकडा दुसऱ्या तक्त्याशी तिसऱ्या दशांशात जुळत नसेल तर आधी ही चौकट बघा. एरवी हा फरक पोथीतला, पण १८ जुलै २०२७ ला तो फार मोठा होतो. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास चंद्र उपच्छायेला जेमतेम शिवणार आहे. दाँजाँ पद्धतीने ग्रासमान ०.००१ आणि सारं ग्रहण १२ मिनिटांचं, शोव्हने पद्धतीने ०.०३ च्या जवळ. सारोस म्हणजे सुमारे १८ वर्षांच्या अंतराने येणाऱ्या सारख्या ग्रहणांची मालिका, आणि सारोस ११० या मालिकेतलं ते शेवटचं ग्रहण. ऐन पावसाळा, आणि निरभ्र असलं तरी डोळ्यांना शून्य दिसणार. तरी त्या रात्रीच्या तारखेवर सॉफ्टवेअर नेऊन चौकट टिक करून आणि काढून, उपच्छायेचं वर्तुळ चंद्राच्या कडेवरून कसं सरकतं ते बघाच.

पंचांग पाळणाऱ्या घरांतून नेहमी विचारलं जातं म्हणून लिहितो. छायाकल्प ग्रहणाचे वेध पाळायचे नसतात, अशी टीप आपल्याकडच्या पंचांगांत असते. २१ फेब्रुवारीच्या पहाटे गच्चीवर चहाचा थर्मास न्यायला हरकत नाही.

किंमत शून्य, जाहिराती नाहीत. एकदा उतरवून घेतलं की ग्रहणांचं गणित इंटरनेटशिवाय चालतं, त्यामुळे वाडी, हिंगणा, कामठीकडच्या शाळांतही एका लॅपटॉपवर आणि प्रोजेक्टरवर वरची सगळी प्रात्यक्षिकं होतात. प्रोजेक्टरवर दाखवणार असाल तर वर्तुळांच्या रेषा ठळक रंगाच्या करा आणि चंद्रावरून सूर्य दाखवण्याची मांडणी आधीच लावून ठेवा. टाइम झोनचा घोळ निस्तरायला वर्गासमोर वेळ मिळत नाही.